पेडगावच्या भिंतीवरचा धूर

माझं काम सांगितलं की लोक दोन पावलं मागे सरकतात. कारखान्यात जायचं, तिथून किती धूर हवेत जातो ते मोजायचं, आणि तो कमी कसा करता येईल ते मालकाला सांगायचं, असं माझं काम. कोल्हापुरात वीस वर्षं हेच करते आहे, आणि या वीस वर्षांत मला बघून खूश झालेला मालक मला भेटलेला नाही. आमच्याकडे मी फाटकातून आत शिरले की मागच्या बाजूला एखादी भट्टी गपकन थंड होते, दोन मशिनं झाकली जातात आणि चहा येतो तोही बिनसाखरेचा. त्यामुळे मला दाखवलेल्यावर विश्वास न ठेवण्याची सवय लागली आहे. कुणी "एवढंच आहे" म्हणालं की मी मनातल्या मनात दीडपट करते.

म्हणून परभणीहून बोलावणं आलं तेव्हा मी अक्षरशः नाचले. आमच्याकडे ओतशाळा, लोखंड, भट्ट्या; तिकडे कापसाच्या जिनिंग, तेलाचे घाणे आणि डाळमिल. डाळ मी आयुष्यभर खाल्ली, पण ती बनताना कधी बघितली नव्हती. तीन दिवस आधीच बॅग भरून बसले. नवऱ्याने विचारलंच, "परभणीला चाललीयस की परदेशाला?"

योजना अशी होती. डाळ विकत घेणाऱ्या एका खासगी कंपनीला तिची बाहेरदेशीची गिऱ्हाइकं विचारू लागली होती की ही डाळ तयार होताना किती धूर झाला. कंपनीकडे उत्तर नव्हतं, कारण डाळ बनते छोट्या छोट्या मिलमध्ये आणि तिथे मोजायची साधनंच नाहीत. सरकारच्या उद्योग खात्याकडे पैसे होते, यंत्रं नव्हती. मग दोघांनी हात मिळवले. मोजायची यंत्रं कंपनीची, मिल सुधारायचा निम्मा खर्च सरकारचा, आणि मोजणारी मी. ज्या मिलचा आकडा ठरलेल्या मर्यादेच्या आत येईल तिचं नाव पहिल्या यादीत. यादीतल्या मिलची डाळ कंपनी वर्षभर घेणार. बाकीच्यांनी पुढच्या हंगामापर्यंत थांबायचं. शुक्रवारी संध्याकाळी यादीतल्या पहिल्या मिलसाठी सह्या होणार होत्या आणि मी मंगळवारी पोचत होते.

परभणी, मंगळवार

स्टेशनवर मला घ्यायला निखत आली होती. कंपनीची इथली खरेदी ती बघते. जन्म परभणीचा, शिक्षण परभणीचं, आणि जिल्ह्यातली कुठली मिल कशी डाळ काढते ते तिला तोंडपाठ. माझी यंत्रांची पेटी तिने स्कूटरच्या पायाशी ठेवली आणि म्हणाली, "ताई, घट्ट धरून बसा. रस्ता चांगला हाय, पन खड्ड्यांनी जागा सोडली न्हाई."

उद्योग खात्याचे शिंदे साहेब कचेरीत वाट बघत होते. उंच, शांत, प्रत्येक कागदाला उजव्या कोपऱ्यात टाचणी लावणारे. त्यांनी मला तक्ता दाखवला. वीज, डिझेल, कोळसा, लाकूड असे रकाने (विजेचाही धूर कुठल्या तरी वीजकेंद्रात होतोच), आणि खाली माहिती देणाऱ्याचं नाव.

"पेडगावची माणिकरावांची मिल पहिली घेऊ," ते म्हणाले. "ती बसली यादीत तर बाकीचे आपोआप पुढे येतील. नाही बसली तर कुणी मोजायलाच बोलावणार नाही."

निखतने मान डोलावली. "माणिकरावांची डाळ शिजायला लागली की गल्लीला कळतं, ताई. सगळ्यात आधी आमी त्यांचाच माल घेतो."

संध्याकाळी तिने मला गाड्यावर ऊन ऊन धपाटे खायला घातले. ज्वारीच्या पिठाचे, वर दही आणि शेंगदाण्याची चटणी. आमच्याकडे थालीपीठ म्हणतात तसंच काहीसं, पण हे पातळ आणि चुरचुरीत. मी चार खाल्ले आणि पाचव्याकडे बघत बसले.

पेडगाव, बुधवार

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन. करडई पिवळी झालेली, ज्वारीची कणसं भरत आलेली, मधूनच तूर काढून मोकळी झालेली रानं आणि त्यात बसवलेली मेंढरं. एक कळप रस्ता ओलांडत होता म्हणून आम्ही थांबलो, आणि तिथूनच मला माणिकरावांच्या मिलचा धूर दिसला. जीव हरखला माझा. धूर बघून हरखणारी बाई निखतने पहिल्यांदाच बघितली असावी. पण मला वाटलं, अरे वा, हे लोक लपवत नाहीत!

फाटकात माणिकराव उभे होते. साठीचे, पांढरा कडक सदरा, खांद्यावर रुमाल. आत जे चाललं होतं ते बघून मी थक्क झाले. एकूण एक मशीन चालू. तूर चाळणारी चाळणी, साल खरवडणारे रोलर, दाणा वर नेणारे दोन पट्टे, पॉलिशचं मशीन, आणि कोपऱ्यात तूर वाळवायची मोठी भट्टी लाकडावर धडधडत होती. वीज असूनही जनरेटर सुरू होता.

"वीज आहे ना?" मी ओरडून विचारलं.

"हाय की! पन मधेच गेली तर पाहुण्याम्होरं फजिती," माणिकराव ओरडून म्हणाले.

समोरचं मोठं फरशीचं पटांगण धुऊन लख्ख केलं होतं आणि त्यावर भली मोठी रांगोळी होती, अगदी या टोकापासून त्या टोकापर्यंत. लिंबाच्या सावलीत चौदा-पंधरा बायका धुतलेली लुगडी नेसून बसल्या होत्या. त्यातली एक उंच, सावळी, कपाळभर कुंकू लावलेली बाई उठली आणि तिने मला हळदकुंकू लावून खण दिला. ती गयाबाई, बायकांची म्होरकी. कोल्हापुरात मला बिनसाखरेचा चहा आणि इथे खण! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

"या बायका आज बसून का?" मी विचारलं.

"आज पाहुणे आलेत न्हवं," माणिकराव म्हणाले.

इतकं स्पष्ट उत्तर मिळूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी कामाला लागले. तारांना चिमटा लावून वीज मोजली, भट्टीत जाणारं लाकूड काट्यावर तोललं, जनरेटरच्या टाकीत पट्टी घालून डिझेल मोजलं. माणिकराव प्रत्येक आकडा जरा मोठ्याने वाचत होते आणि मोठा आला की त्यांचा चेहरा खुलत होता.

"रोज असंच चालतं?" मी विचारलं.

"रोज असंच! आमची मिल काय बारकी हाय का, मॅडम?"

मी मनातल्या मनात दीडपट केलं.

मग जेवण. ज्वारीची भाकरी, येसर घालून केलेली आमटी, तुरीच्या कोवळ्या सोल्यांची उसळ, लसणाचा ठेचा. येसर म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून दळलेलं पीठ. पाण्यात शिजवलं की आमटी दाट होते आणि नाकात एक खमंग वास बसतो तो दुसऱ्या दिवशीपर्यंत जात नाही. "अजून घ्या, अजून घ्या," असं करत माणिकरावांच्या घरच्यांनी मला इतकं वाढलं की मी शेवटी ताटावर हात आडवा धरला, तर भाकरी बोटांवर आली.

परभणीला परतून मी खोलीवर आकडेमोड केली. मर्यादेच्या दुपटीहून जास्त. उत्साहाच्या भरात मी तो आकडा तिथल्या तिथे शिंदे साहेबांना फोनवर पाठवूनही दिला. किती झटपट काम केलं, अशी माझी मलाच शाबासकी.

पाच मिनिटांत त्यांचा फोन आला. "म्हणजे माणिकराव यादीत नाहीत," ते म्हणाले. "बरं. मी त्यांना कळवतो."

निखत समोर बसली होती. ती चहाची कपबशी फिरवत राहिली. तेवढ्यात माणिकरावांचा फोन आला.

"साहेबांनी सांगितलं," ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "असू द्या, मॅडम. तुमी काय मुद्दाम थोडंच केलं. जेवान आवडलं न्हवं? उद्या पोखर्णीला जाऊन या. नरसिंहाचं दर्शन घेतल्याबिगर जाऊ नका."

मी "हो" म्हणाले आणि फोन ठेवून भिंतीकडे तोंड करून बसले. आकडा बरोबर होता, तरी मला लाज वाटत होती आणि कसली ते कळत नव्हतं.

पोखर्णी, गुरुवार

निखत म्हणाली, "चला, त्यांनी सांगितलंय तर जाऊ. न्हाई गेलो तर त्यांना अजून वाईट वाटंल."

सकाळची हवा गार होती. पोखर्णीच्या रस्त्यावर एका शेतकऱ्याने बांधावर आगटी पेटवली होती, हुरडा भाजत होता. आम्ही नुसत्या बघत गेलो तर त्याने हात करून थांबवलं. ओंजळीत गरम गरम हुरडा चोळून दिला, वर तिखट शेंगदाणा चटणी.

"कुठून आलाव?" त्याने विचारलं.

"कोल्हापूरहून."

"एवढ्या लांबून? मंग अजून घ्या."

अंतर मोजून हुरडा वाढणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. मी त्याला म्हटलं, तुमच्याकडे लांबून आलेल्याला इतकं देतात, जवळच्याला काय देता? तो हसला. "जवळच्याला काम देतो!"

देवळात दर्शन घेतलं. निखत बाहेर उसाच्या रसवाल्याशी गप्पा मारत थांबली होती. देवळाची शांतता, दगडी पायऱ्यांवरचं ऊन आणि बाहेर नारळवाल्यांची हाकाहाक, हे सगळं बघूनही माझं मन पेडगावात होतं. बाहेर येऊन फोटो काढावा म्हणून पिशवीत हात घातला आणि लक्षात आलं की धान्यातला ओलावा मोजायचं यंत्र पिशवीत नाही. कंपनीचं यंत्र! काल जेवायला बसताना माणिकरावांच्या खुर्चीवर ठेवलं होतं.

"फोन करते त्यांना," निखत म्हणाली.

"नको," मी म्हटलं. "पुन्हा खटाटोप करतील. गुपचूप जाऊन घेऊन येऊ." त्यांना तोंड दाखवायला नको होतं, हे खरं कारण मी तिला सांगितलं नाही.

पुन्हा पेडगाव, गुरुवार दुपार

मेंढरं काल होती त्याच रानात होती. तिथून मी धूर शोधला. धूर नव्हता. मिल बंद ठेवली की काय, माझ्यामुळे, अशी धास्ती वाटली.

फाटक उघडं होतं. जनरेटर गप्प, भट्टी थंड. आतून फक्त रोलरचा घरघर आवाज येत होता. आणि समोरचं ते पटांगण, कालची रांगोळी पुसली जाऊन, या टोकापासून त्या टोकापर्यंत तांबूस तुरीने भरलेलं होतं. त्यात चौदा-पंधरा बायका एका रांगेत हळूहळू चालत होत्या. पाय न उचलता, तुरीतून पाय ओढत. त्यांच्या मागे तुरीत सरळ सऱ्या पडत होत्या. टोकाला गेल्या की वळायच्या आणि आडव्या सऱ्या पाडत परत यायच्या. खालचा दाणा वर, वरचा खाली.

मी धावतच पुढे गेले.

"चप्पल काढा, ताई!" गयाबाई ओरडली. "तूर हाय खाली!"

चप्पल काढली आणि त्यांच्या रांगेत घुसले. तूर गरम होती, तळव्यांना गुदगुल्या करणारी. मला पाय ओढत चालणं जमेना, दोनदा तोल गेला, बायका हसू लागल्या. मीही हसत होते.

"हे काय करायलाव तुमी?" मी त्यांच्याच बोलीत विचारायचा प्रयत्न केला.

"तूर वाळवायलोत की. त्याल लावलं, रातभर ढिगात मुरू दिली, पानी मारलं, आता ऊन खायलीय. चार दिस ऊन खाल्लं की साल आपसूक सुटतंय."

"आणि ती भट्टी?"

"ती आभाळ आल्यावर. उगा कोन पेटवतंय तिला?"

"मग काल?"

गयाबाईने माझ्याकडे असं बघितलं की मीच वेडी. "काल पाहुणे होते न्हवं. आंगन धुतलं, रांगोळी काढली. रांगोळीवर तूर कशी पसरायची, ताई?"

मी तिथेच तुरीत बसले. खरंच बसले. वीस वर्षं मी माणसं काय बंद करून ठेवतात ते हुडकत आले. पाहुणे येणार म्हणून कुणी सगळं चालू करून ठेवील, हे माझ्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं! आमच्याकडे धूर झाकतात, इथे मानपान म्हणून पेटवतात. आणि मी शहाणी, मनातल्या मनात त्या मानपानाची दीडपट करून, एका दिवसाचा आकडा रोजचा म्हणून पाठवून मोकळी.

तेवढ्यात माणिकराव कचेरीतून बाहेर आले. मला तुरीत बसलेलं बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला. ते मागे वळून ओरडले, "अरं, भट्टी पेटवा! मॅडम आल्यात!"

"नको!" मी इतक्या जोरात ओरडले की लिंबावरचे पक्षी उडाले. "माणिकराव, तिला हात लावू नका!"

ते जवळ आले, रुमालाने तोंड पुसत. "मॅडम, हे रोजचं हाय. जुनी पद्धत. तुमाला दाखवायसारखं काय न्हाई."

"मग काल 'रोज असंच' कामून म्हणालात?"

त्यांनी रुमालाची घडी घातली. "मागं एक बडा व्यापारी आल्ता. बायका तुडवायलेल्या बघून हसला. म्हनला, अजून पायानं वाळवता का? लय लागलं मनाला. म्हनून ती भट्टी घेतली, जुनी, दुसऱ्याच्या मिलची. कोनी आलं की पेटवतो. इज्जतीचा सवाल हाय."

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली, पण ते घाबरले असते. मी जनरेटरकडे पळाले. त्यावर तो एकूण किती तास चालला ते दाखवणारं छोटं घड्याळ असतं. काल मी ते बघायला हवं होतं, कुठल्याही नवशिक्यानेही बघितलं असतं. मागच्या दुरुस्तीच्या वेळचा आकडा मिस्त्रीने बाजूलाच लिहून ठेवला होता. तेव्हापासून जनरेटर जवळपास चाललाच नव्हता. लाकडाच्या ढिगाकडे गेले, तर कालच्यापुरता कोपरा सोडून बाकी ढिगावर वालाचा वेल चढून शेंगा लागल्या होत्या.

"पण वर्षभरात भट्टी किती वेळा पेटली, हे कसं सांगायचं?" निखत म्हणाली. "शिंदे साहेबांना पुरावा लागंल, ताई. नुसतं तोंडानं चालायचं न्हाई."

गयाबाईने पदर खोचला. "या हिकडं."

मिलच्या मागच्या भिंतीवर, छपराच्या आडोशाला, चुन्याच्या खुणा होत्या. ओळीच्या ओळी. बहुतेक उभ्या रेघा, मधून एखादा गोल.

"ह्यो एक एक ढीग," ती रेघेवर बोट ठेवत म्हणाली. "ऊन खाऊन रोलरात गेला की रेघ. भट्टीत वाळला तर गोल. अमुशेला नवी वळ. मला लिवता येत न्हाई, पन कंच्या ढिगाला आमी हुतो अन् कंच्याला न्हाई, एवढं ध्यानात ऱ्हायला पायजे."

कुठल्याही कारखान्यात मला इतकी नीटस नोंद कधी मिळाली नव्हती. मी भिंतीला हात लावला, मग झटकन काढला, चुना पुसला जाईल म्हणून. माणिकराव माझ्या मागे उभे होते. त्यांनाही ती भिंत अशी पहिल्यांदाच दिसत असावी, कारण ते ओठ हलवत गोल मोजत होते.

त्याच जागेवरून मी शिंदे साहेबांना फोन केला. "साहेब, मी चुकले. कालचा आकडा खरा आहे, पण तो एका दिवसाचा आहे, आणि तो दिवस माझ्यासाठी सजवलेला होता. उद्या सकाळपासून पुन्हा मोजते. तुम्ही दुपारी पेडगावला या."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "शुक्रवारच्या सह्या संध्याकाळी आहेत, मॅडम."

पेडगाव, शुक्रवार

ऊन चढायच्या आत आम्ही पोचलो. गयाबाईला मी आधीच बजावलं होतं की रांगोळी नको, खण नको, जेवण नको. जेवण मात्र आलंच. पिठलं-भाकरी होती. "हे रोजचंच हाय," माणिकराव घाईने म्हणाले, आणि आम्ही सगळे हसलो.

खुर्चीवर विसरलेलं यंत्र ताब्यात घेतलं आणि दिवसभर मोजलं. चाळणी, रोलर, पट्टे. माणिकराव आता आकडे मोठ्याने वाचत नव्हते. आकडा बारीक आला की माझ्याकडे बघायचे, चांगलं का वाईट ते विचारल्यासारखे. जेवणाच्या सुट्टीत दाणा वर नेणारा पट्टा रिकामाच फिरत राहतो, हे मी त्यांना दाखवलं. ते स्वतः उठून बटण बंद करून आले. "एवढं सोपं?" म्हणाले. मी म्हटलं, एवढ्याशा गोष्टी रोज केल्या की खूप होतं. आभाळाच्या दिवसांसाठी पटांगणाच्या एका बाजूला पारदर्शक पत्र्याची शेड घातली तर भट्टी जवळजवळ लागायचीच नाही. यादीत नाव आलं तर तिचा निम्मा खर्च सरकारचा.

"शेड कुठं घालायची?" माणिकरावांनी मला नाही, गयाबाईला विचारलं.

"लिंबाच्या हिकडं नको, सावली येती. तिकडं घाला," ती म्हणाली. "अन् उच्ची घाला. आमाला त्यात चालायचंय."

शिंदे साहेब तीन वाजता आले. विजेचे आकडे बघितले, जनरेटरचं घड्याळ बघितलं, वालाच्या शेंगा बघितल्या. मग भिंतीसमोर उभे राहिले आणि त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मॅडम, मी भिंत फायलीला कशी लावू?"

माणिकराव जमिनीकडे बघत होते. गयाबाई मात्र पुढे झाली. "मी वाचते, तुमी लिवा."

आणि ती वाचू लागली. रेघ, रेघ, रेघ, गोल. निखत लिहीत होती, मी मोजत होते. एका ओळीत चार गोल लागोपाठ आले तेव्हा साहेबांनी तिला थांबवलं. "हे चार कधीचे?"

"दिवाळीच्या म्होरल्या अमुशेच्या आधी. आठ दिस आभाळ हटलं न्हवतं. पाऊस बी पडला, बिनमोसमाचा."

साहेबांनी बोटांवर आठवडे मोजले. मग हळूच म्हणाले, "माझ्या बहिणीचं लग्न होतं त्या आठवड्यात. मांडव कोसळला होता. पाहुणे शाळेच्या व्हरांड्यात जेवले." त्यांनी त्या चार गोलांकडे पुन्हा बघितलं आणि पिशवीतून तक्ता काढला. "वाचा, बाई. सगळं वाचा. मी पानोपानी सही करतो, आणि भिंतीचे फोटो जोडतो."

आकडा मर्यादेच्या कितीतरी आत आला. मी तो दोनदा तपासला, निखतने तिसऱ्यांदा तपासला आणि मग तिने इतक्या जोरात टाळी वाजवली की पटांगणातल्या बायकाही टाळ्या वाजवू लागल्या, कशासाठी ते न विचारताच.

तक्ता भरताना माणिकराव अडले. "साहेब, ऊन कुठं लिवायचं? वीज हाय, डिझेल हाय, लाकूड हाय. उन्हाला रकाना न्हाई."

साहेबांनी तक्ता उलटसुलट केला. खरंच नव्हता. त्यांनी समासात स्वतःच्या हाताने एक रकाना आखला, त्यात 'ऊन' लिहिलं, आणि सवयीने उजव्या कोपऱ्यात टाचणी लावली.

सगळ्यात खाली माहिती देणाऱ्याचं नाव. माणिकरावांनी पेन हातात घेतलं, टेकवलं, आणि उचललं. "गयाबाई, तुजं पुरं नाव काय गं?"

"कामून?"

"सांग की."

तिने सांगितलं आणि त्यांनी सावकाश, मोठ्या अक्षरात ते लिहिलं. अंगठ्याला शाई लावायच्या आधी गयाबाईने तो पदराला पुसला. तिच्या हाताला आधीच चुना लागलेला होता.

साहेब तक्ता घेऊन सह्यांसाठी परभणीला पुढे गेले. संध्याकाळी निघताना मी मागच्या भिंतीकडे एकदा जाऊन आले. पेटी स्कूटरवर चढली होती, निखत हॉर्न वाजवत होती, तरी मला ती भिंत पुन्हा बघायची होती. गयाबाई तिथेच होती, बोट चुन्यात बुडवून. बुधवारचा ढीग दुपारी रोलरात गेला होता, त्याची खूण करणं चाललं होतं. त्या ओळीत अमावास्येपासून सगळ्या उभ्या रेघाच होत्या. तिने शेवटी एक छान, वाटोळा गोल काढला.

"हे माझ्यामुळे झालं ना?" मी विचारलं.

"व्हय. तुमी आल्या त्या दिशी धूर झाला." ती अगदी सहज म्हणाली. "खोटं कसं लिवायचं?"

मी पिशवीतून आकड्यांची वही काढली आणि बुधवारची भट्टीही आकड्यात धरली आहे की नाही ते पुन्हा बघितलं. धरलेली होती. माणिकरावांच्या मिलच्या त्या महिन्याच्या भट्टीचा सगळा धूर एका पाहुणीसाठी झालेला होता आणि ती पाहुणी धूर कमी करायला आलेली होती. मला हसू आवरेना. गयाबाईही हसली, आणि लुगड्याला हात पुसत माझ्याबरोबर फाटकापर्यंत आली.

"परत या, ताई," ती म्हणाली. "पन पुढल्या बारीला न सांगता या. म्हंजे रेघच काढीन."